होलसेलचा किराणा खरंच स्वस्त पडतो का? पोतं, डबा, टेम्पो आणि साठवणीचा पूर्ण हिशेब

दिवाळी जवळ आली, घरात लग्नकार्य निघालं किंवा पावसाळ्याआधीची बेगमी करायची वेळ आली, की गावोगावी एक वाक्य ऐकू येतं, "गावात कशाला घ्यायचं, शहरातनं होलसेलनं आणू, निम्म्यात पडेल." निम्म्यात कधीच पडत नाही. पण हिशेबानं घेतलं तर चार पैसे नक्की वाचतात. आणि हिशेब न करता घेतलं तर टेम्पोचं भाडं, कमी भरलेलं वजन आणि पोरकिड्यांनी खाल्लेलं धान्य मिळून गावातल्या दुकानापेक्षा महाग पडतं.

घाऊक माल कुठे मिळतो, मोठ्या गोदामांचं कार्ड कुणाला मिळतं, भावाची तुलना कशी करायची, गटानं खरेदी कशी करायची आणि आणलेला माल टिकवायचा कसा, याची माहिती इथे एकत्र दिली आहे. उदाहरणांतले भाव फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमच्या बाजारातला त्या दिवसाचा भाव टाकून तोच हिशेब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा.

घाऊक माल मिळण्याची ठिकाणं

१) भुसार बाजार : बाजार समितीच्या आवारात किंवा जुन्या पेठेत धान्य, डाळी, साखर, गूळ यांचे ठोक व्यापारी असतात. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला भुसार विभाग, नवी मुंबईत वाशीचं मसाला मार्केट आणि दाणा बंदर ही मोठी ठिकाणं. जिल्ह्याच्या गावीही असा बाजार असतोच. इथे पोत्यानं किंवा कट्ट्यानं विक्री होते. काही दुकानदार दहा-पाच किलोही देतात, पण भाव थोडा चढा लावतात.

२) मिल आणि उत्पादनाची ठिकाणं : लातूर, अकोला, जळगाव इथल्या डाळ मिल, गोंदिया-भंडाऱ्याकडच्या भात गिरण्या, कोल्हापूरचा गूळ, सांगलीची हळद आणि बेदाणे, नंदुरबारची मिरची. या भागात राहत असाल तर थेट तिथून घेणं परवडतं. दोनशे किलोमीटरवरून फक्त मिरचीसाठी जाणं परवडत नाही.

३) कॅश अँड कॅरी गोदामं : हॉटेलवाले, खानावळवाले, किराणा दुकानदार यांच्यासाठी असलेली ही मोठी गोदामं. मेट्रो कंपनीनं २००३ मध्ये बेंगळुरूला असं पहिलं गोदाम उघडलं. पुढे मेट्रोचा भारतातला व्यवसाय २०२३ मध्ये रिलायन्स रिटेलनं घेतला. वॉलमार्टची 'बेस्ट प्राइस' गोदामं २०२० मध्ये फ्लिपकार्टकडे गेली. इथे पाच किलोचा मसाला, पंधरा किलोचा तेलाचा डबा, मोठ्या पिशवीत गोठवलेला वाटाणा असा हॉटेलच्या मापाचा माल असतो.

४) मोठी किरकोळ दुकानं : डी-मार्टसारख्या दुकानात कार्ड लागत नाही, कुणीही जाऊ शकतं. छापील किमतीपेक्षा कमी दरात माल मिळतो. पण ही होलसेलची दुकानं नाहीत, किरकोळचीच आहेत. साबण, पावडर, चहा, बिस्किटं अशा कंपनीच्या मालाला ती बरी. डाळ-तांदळाला भुसार बाजाराशी तुलना करूनच घ्यावं.

गोदामाचं कार्ड कुणाला मिळतं?

परदेशी भांडवल असलेल्या घाऊक व्यापाराला सरकारनं अट घातली आहे, की माल व्यवसायासाठी घेणाऱ्यालाच विकायचा, घरगुती ग्राहकाला नाही. त्यामुळे अशा गोदामांत कार्डाची पद्धत सुरू झाली. साधारणपणे यातलं एखादं कागदपत्र मागतात :

- जीएसटी नोंदणी
- दुकान नोंदणी म्हणजे गुमास्ता किंवा ग्रामपंचायत-नगरपालिकेचा व्यवसाय परवाना
- अन्न परवाना किंवा नोंदणी (एफएसएसएआय)
- संस्था असेल तर सोसायटी किंवा ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र

म्हणजे गावातला चहाचा गाडा, खानावळ, मेस, मंगल कार्यालय, आश्रमशाळा चालवणारा ट्रस्ट यांना कार्ड मिळू शकतं. बचत गटाकडे पापड-मसाल्याच्या धंद्याची अन्न नोंदणी असेल, तर गटानंही अर्ज करून बघावा. जाण्याआधी फोन करून कोणतं कागदपत्र चालेल ते विचारा. नाहीतर शंभर किलोमीटर जाऊन दारातून परत यावं लागेल.

दुसऱ्याच्या कार्डावर माल घेणं बरेच जण करतात. पण बिल त्याच्या नावानं निघतं. माल खराब निघाला तर तक्रार करायला तुमच्याकडे कागद राहत नाही, हे लक्षात ठेवा.

हॉटेलच्या मापाच्या काही पॅकवर 'किरकोळ विक्रीसाठी नाही' असं छापलेलं असतं. अशा पॅकवर छापील किंमत नसू शकते. मग स्वस्त की महाग हे छापील किमतीवरून कळत नाही, बिलातला किलोचा दर काढूनच कळतं.

तेलाचा डबा : लिटर आणि किलोचा घोळ

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. फसगत म्हणजे दुकानदार फसवतो असं नाही, आपणच नीट वाचत नाही. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणून

- १५ लिटरचा डबा म्हणजे सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल
- १५ किलोचा डबा म्हणजे सुमारे साडेसोळा लिटर तेल

दोन्ही डबे दिसायला सारखेच. आता हिशेब बघा. १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि १५ लिटरचा २,१३० रुपयांना. १२० रुपये वाचले म्हणून आपण लिटरचा उचलतो. पण किलोचा दर काढला तर पहिला १५० रुपये किलो पडतो, दुसरा १५६ रुपये किलो. जो स्वस्त वाटला तोच महाग निघाला.

पुढे जाऊ. तेच तेल गावच्या दुकानात १४० रुपयांना एक लिटरची पिशवी मिळतं, पिशवीवर ९१० ग्रॅम छापलेलं आहे. म्हणजे किलोला जवळपास १५४ रुपये. १५ किलोच्या डब्यामागे आपली बचत होते ५८ रुपयांची. जाण्यायेण्याचं तिकीट यापेक्षा जास्त असेल तर फक्त तेलासाठी जाण्यात अर्थ नाही. आणि लिटरचा डबा घेतला असता तर गावातल्या पिशवीपेक्षाही महाग पडला असता.

पिशवी घेतानाही ग्रॅम वाचा. बाजारात हल्ली ९१० ग्रॅमपेक्षा कमी तेल असलेल्या पिशव्याही असतात. दिसायला एक लिटरसारख्या, पण आत तेल कमी. पाकिटावर आता दर ग्रॅमचा, किलोचा किंवा लिटरचा दरही छापलेला असतो. अक्षर बारीक असतं, मोबाईलनं फोटो काढून मोठं करून वाचा.

पोत्यावर काय बघायचं?

वजन : साखर बहुतेक ५० किलोच्या पोत्यात येते. तांदूळ आणि डाळी २५, २६, ३० किंवा ५० किलोच्या कट्ट्यात येतात. "कट्टा कितीला?" एवढंच विचारू नका. "कट्टा किती किलोचा आणि किलोला काय पडतो?" असं विचारा.

बारदान : भाव पोत्यासकट वजनाचा आहे की निव्वळ मालाचा, हे आधी ठरवून घ्या. तागाचं पोतं अर्ध्या किलोहून जास्त भरतं. प्लॅस्टिकचं बरंच हलकं असतं. महाग डाळीच्या पोत्यात अर्धा किलो म्हणजे पन्नास-साठ रुपये झाले.

जीएसटी : २५ किलोपर्यंतच्या, पॅक करून लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, गहू, पीठ यांच्यावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे. २५ किलोच्या वरच्या पोत्याला तो लागत नाही, सुट्ट्या विक्रीलाही लागत नाही. बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे. त्याच प्रतीचा तांदूळ १० किलोच्या पिशवीत आणि ३० किलोच्या कट्ट्यात असेल, तर कट्ट्याचा दर कराच्या हिशेबानंही कमी असायला हवा. नसेल तर दुसरं दुकान बघा. साखर, चहा, खाद्यतेल यांच्यावर ५ टक्के कर आहेच. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल यांच्यावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तूपही ५ टक्क्यांत आलं. जुन्या छापील किमतीचा माल कुणी देत असेल तर विचारा.

हमाली-तोलाई : भाव ठरल्यावर बिलात हमाली, तोलाई, भराई असे आकडे वाढतात. "गाडीत भरून, सगळ्या खर्चासकट काय पडेल?" हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचा.

प्रत कशी ओळखायची?

होलसेलमध्ये एकाच नावाच्या मालाला चार-पाच भाव असतात. गावातल्या चांगल्या डाळीची तुलना होलसेलच्या हलक्या डाळीशी केली तर होलसेल स्वस्तच वाटणार. म्हणून गावातून घरी येणाऱ्या डाळीची मूठभर पुडी सोबत न्या आणि शेजारी ठेवून बघा.

- तूरडाळ : 'फटका' म्हणजे चांगली पॉलिश केलेली, स्वच्छ डाळ. ती महाग असते. बिगर पॉलिशची डाळ दिसायला फिकी असली तरी खायला वाईट नसते. तुकडा किती आहे, खडा आहे का, ते हातावर घेऊन बघा.
- साखर : एस-३० म्हणजे बारीक दाणा, एम-३० म्हणजे मोठा दाणा. गोडीत फरक नाही. चहाला, शिऱ्याला बारीक चालते आणि बहुधा थोडी स्वस्त पडते.
- तांदूळ : नवा तांदूळ मऊ होतो, जुना मोकळा होतो आणि जास्त फुगतो. मोठ्या पंगतीला जुना लागतो. कणीचं प्रमाण विचारा.
- शेंगदाणे : काळपट, हिरवट बुरशी असलेले, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे असतील तर पोतं घेऊच नका. ही बुरशी विषारी असते आणि भाजून तिचं विष जात नाही.
- तेल : डब्यावर पामोलिन, सोयाबीन, की 'ब्लेंडेड' म्हणजे मिश्र तेल लिहिलंय ते वाचा. शेंगदाण्याचं चित्र आहे म्हणून आत शेंगदाणा तेलच असेल असं नाही. जुना डबा धुऊन त्यात पुन्हा तेल भरून विकायला कायद्यानं मनाई आहे. सील हललेलं, डबा गंजलेला किंवा पुन्हा झाळलेला दिसला तर घेऊ नका.

एक किलो आधी घरी आणून शिजवून बघितलं आणि मग पोतं घेतलं, तर सगळ्यात उत्तम.

टेम्पोचा हिशेब : खरी बचत इथे ठरते

समजा बारा घरांनी मिळून ४०० किलो माल आणायचं ठरवलं. गावातल्या आणि शहरातल्या भावात किलोमागे पडणारा फरक असा धरू :

- साखर १०० किलो, फरक ३ रुपये : बचत ३०० रुपये
- तांदूळ १५० किलो, फरक ४ रुपये : बचत ६०० रुपये
- तूरडाळ ६० किलो, फरक १५ रुपये : बचत ९०० रुपये
- हरभरा डाळ ४० किलो, फरक १० रुपये : बचत ४०० रुपये
- शेंगदाणे ३० किलो, फरक २० रुपये : बचत ६०० रुपये
- साबुदाणा २० किलो, फरक १५ रुपये : बचत ३०० रुपये

एकूण बचत ३,१०० रुपये. आता खर्च. टेम्पो १,५०० रुपये, हमाली २००, दोघांचं जाणं-येणं २००, वाटपाच्या पिशव्या १००. एकूण २,००० रुपये, म्हणजे किलोमागे ५ रुपये. हातात राहिले ११००. बारा घरांत वाटले तर घरटी ९२ रुपये.

आता बघा, साखरेत फरक ३ रुपये, तांदळात ४. खर्च मात्र किलोमागे ५. म्हणजे २५० किलो वजन आपण तोट्यातच वाहून आणलं. साखर-तांदूळ गावातच घेतला आणि बाकीचा १५० किलो माल वडापनं किंवा काळी-पिवळीनं आणला, त्याचा सगळा खर्च १,००० रुपये धरला, तर बचत २,२०० वजा १,००० म्हणजे १,२०० रुपये. घरटी १०० रुपये. माल निम्म्याहून कमी, अडकलेले पैसे कमी, बचत उलट जास्त.

यापेक्षा चांगला मार्ग गावातच असतो. भाजीपाला, कांदा, टोमॅटो घेऊन बाजार समितीत जाणारा टेम्पो बऱ्याचदा रिकामा परत येतो. त्याच्याशी आधी बोलून ठेवलं तर परतीचं भाडं कमी लागतं. ते ५०० रुपये ठरलं तर वरच्याच ४०० किलोचा खर्च १,००० रुपयांवर येतो आणि बचत होते २,१०० रुपये, घरटी १७५. तेव्हा साखर-तांदूळही आणायला हरकत नाही.

थोडक्यात, जो माल जड आणि ज्यात दुकानदाराला मुळातच कमी सुटतं, उदाहरणार्थ साखर, तेल, गहू, तो लांबून आणण्यात फार काही वाचत नाही. जो माल वजनाला कमी आणि भावाला जास्त, म्हणजे जिरं, खोबरं, खडा मसाला, काजू-बदाम, चहा, शेंगदाणे, डाळी, त्यात फरक मोठा असतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. दोघी जणी दोन पिशव्यांत दिवाळीचा सगळा सुका माल आरामात आणू शकतात.

किती घ्यायचं? आधी रेशन मोजा

यादी करण्याआधी घरात काय येतं ते धरा. प्राधान्य कुटुंब कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य मोफत मिळतं. पाच माणसांच्या घरात २५ किलो झाले. वरून तांदळाचं पोतं घेतलं तर ते पावसाळ्यात पोरकिड्यांसाठीच राहतं.

बाकी मालाला सोपा नियम : महिन्याला किती लागतं ते लिहा आणि तो माल जितके महिने टिकतो तेवढ्यापुरतंच घ्या.

- रवा, मैदा, बेसन : पावसाळ्यात एक महिन्यापुरतं. यांना अळी लवकर लागते.
- शेंगदाणे, खोबरं, सुका मेवा : तेलकट असल्यानं खवट होतात. दोन-तीन महिन्यांपुरतं.
- फोडलेला तेलाचा डबा : दोन-तीन महिन्यांत संपवावा. महिन्याला दोन किलो तेल लागणाऱ्या घरानं १५ किलोचा डबा फोडू नये, दोन-तीन घरांत मिळून घ्यावा.
- डाळी, तांदूळ, गहू, ज्वारी : नीट वाळवून ठेवलं तर वर्षभर.
- साखर, मीठ : ओल लागली नाही तर खराब होत नाही.
- दळलेला मसाला : अख्खा घेऊन लागेल तसा दळून आणलेला बरा.

कोणता माल कोणत्या दिवसांत?

नवा माल बाजारात आला की आवक वाढते आणि भाव बहुधा नरम असतो. भात आणि खरिपाचा शेंगदाणा दिवाळीच्या पुढे-मागे येतो. गुऱ्हाळं थंडीत चालतात, तेव्हा नवा गूळ मिळतो. तूर डिसेंबर-जानेवारीपासून येते, हरभरा आणि रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. मिरची आणि हळद उन्हाळ्याच्या सुरुवातीला. आपल्या आजी-आज्या उन्हाळ्यात तिखट-हळद करून ठेवायच्या, त्यात हा हिशेब होता. माल ताजा, भाव उतरलेला आणि वाळवायला ऊन.

दिवाळीच्या आठवड्यात होलसेलमध्येही भाव चढलेला असतो आणि गर्दीत प्रत बघायला वेळ मिळत नाही. तीन-चार आठवडे आधी गेलेलं बरं.

गट करून खरेदी : भांडण होऊ नये म्हणून

बचत गटात दहा ते वीस जणी असतात, त्यामुळे एकत्र खरेदीला गट सोयीचा. पण पैशाचा विषय आहे, तोंडी ठेवू नका.

- प्रत्येकीची यादी वहीत लिहून सही घ्या आणि पैसे आधी जमा करा. उधारीवर माल आणून नंतर पैसे गोळा करणं टाळा.
- पैसे कुणा एकीच्या खात्यात न ठेवता गटाच्या बँक खात्यात ठेवा.
- खरेदीला दोघी-तिघी जा आणि पुढच्या वेळी आळीपाळीनं दुसऱ्या जा.
- पक्कं बिल घ्या. बिलाचा आणि टेम्पोच्या पावतीचा फोटो त्याच दिवशी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका.
- वाटप सगळ्यांसमोर काट्यावर करा. सांडलवंड आणि तुटीसाठी शंभर किलोला अर्धा-एक किलो आधीच धरा.
- खर्च किलोवर वाटायचा की रकमेवर, हे आधी ठरवा.

आपसात आणलेल्या भावानं वाटून घेणं वेगळं. पण माल छोट्या पिशव्यांत भरून नफ्यानं बाहेर विकायचा असेल, तर अन्न नोंदणी लागते आणि पिशवीवर नियमानुसार माहिती छापावी लागते.

"दर महिन्याला इतके भरा, दिवाळीला किराणा घेऊन जा" अशा भिशी आणि योजनाही गावोगावी असतात. पैसे वर्षभर दुसऱ्याकडे राहतात, व्याज मिळत नाही आणि माल कोणत्या प्रतीचा, कोणत्या भावानं मिळणार हे लिहिलेलं नसतं. योजना चालवणारा पळाला तर सगळंच गेलं. तेच पैसे गटाच्या खात्यात महिन्याला जमा केले तर दिवाळीला हातात असतात.

गावच्या दुकानदारालाही विचारून बघा. बारा घरांची एकत्र यादी, रोख पैसे, एकाच दिवशी उचल, असं म्हटलं तर तोही भाव कमी करतो. तो माल आणतोच आहे, त्याला वेगळं भाडं पडत नाही. अडल्या-नडल्या वेळी उधार देणारं दुकान गावात टिकलं पाहिजे, हेही खरं.

लग्नकार्याचा किराणा

आचारी देतो ती यादी थोडी सैलच असते, कारण पंगतीत कमी पडलं तर नाव त्याचं जातं. यादी कापण्यापेक्षा दुकानदाराशी आधी ठरवा, की न फोडलेली पोती आणि सील न तोडलेले डबे कार्यानंतर परत घ्यायचे. बरेच ठोक दुकानदार हे मान्य करतात. फक्त ते बिलावर लिहून घ्या आणि किती दिवसांत परत करायचं तेही लिहा. कार्याच्या दिवशी घरचं एक विश्वासाचं माणूस कोठीवर ठेवा. एक पोतं संपल्याशिवाय दुसरं फोडायचं नाही, एवढंच त्यानं बघायचं.

साठवण : इथे जीवाचा प्रश्न आहे

धान्य, डाळी कडक उन्हात वाळवा, पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरलं तर आत घाम सुटून बुरशी येते. पोती थेट जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळी टाका. जुनं आणि नवं धान्य एकत्र करू नका. कोठी रिकामी झाली की धुऊन उन्हात वाळवा. कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळींना एरंडेलाचा हात हे जुने उपाय घरच्या साठ्याला पुरतात.

धान्यात 'गोळी' टाकण्याची सवय मात्र बंद केली पाहिजे. सल्फास म्हणून ओळखली जाणारी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी हवेतल्या ओलाव्यानं फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडते. घराच्या खोलीत कोठी असेल तर हा वायू झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो. या विषावर उतारा नाही. ही गोळी सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रण करणाऱ्यांनाच विकायची, असा नियम आहे. दुकानात सुट्टी मिळाली तरी घरात आणू नका. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडरही खायच्या धान्यात नको.

कुणाच्या घरात गोळी टाकलेली असेल आणि मळमळ, उलटी, चक्कर, दम लागणं असं काही जाणवलं, तर सगळ्यांना ताबडतोब घराबाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. दवाखान्यात 'धान्यात गोळी होती' हे आधी सांगा. सकाळी बघू म्हणून थांबू नका.

वजन कमी किंवा माल भेसळीचा निघाला तर

- दुकानातल्या काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असायला हवा. वजन कमी भरत असेल तर तक्रार या विभागाकडे.
- भेसळ, जुना डबा, मुदत संपलेला माल असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.
- बिल न देणं, छापील किमतीपेक्षा जास्त घेणं, माल बदलून न देणं यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तक्रारीला बिल, पोत्यावरच्या लेबलचा फोटो आणि मालाचा थोडा नमुना जपून ठेवा. कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला तर दुकानदार 'हा माल माझा नाहीच' म्हणू शकतो. कर वाचवायला बिल न घेणारे शेवटी इथेच अडकतात.

निघण्याआधी हे पाच प्रश्न

१) त्याच प्रतीचा माल गावात किलोला काय भावानं आहे?
२) बारदान, हमाली, भाडं धरून घरपोच किलोला काय पडेल?
३) तो खराब होण्याआधी घरात संपेल का?
४) परतीचा रिकामा टेम्पो कुणाचा आहे?
५) पक्कं बिल मिळणार का?

पाचही उत्तरं मनासारखी आली तर खुशाल पोत्यानं आणा. एकही अडलं तर त्या मालापुरतं गावातलं दुकान बरं.